मुळशीकाठी सत्तावीस नंबरचा शब्द

मी हेवेखोर बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. आयुष्यभर मी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. पुस्तकं लोकांची आणि लाल शाई माझी. प्रकाशनाच्या समारंभात लेखक कागदवाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानायचे आणि मी तिसऱ्या रांगेत बसून पेढा खायचे. निवृत्त झाले त्याच आठवड्यात ठरवलं, आता आपलं स्वतःचं एक पुस्तक काढायचं.

विषयही तिथूनच मिळाला. एका कादंबरीत लेखकाने जहाजाच्या काठीला, शिडाला आणि दोराला मिळून एकच नाव दिलं होतं. ती चूक मला दिसत होती, पण बरोबर शब्द मलाच ठाऊक नव्हता. तेवढी एक चूक माझ्या हातून तशीच छापून गेली. ते मनात राहिलं होतं. म्हणून मी शिडाच्या जहाजांच्या भागांची मराठी नावं गोळा करायला लागले. सहा वर्षं बंदरं फिरले. एका म्हाताऱ्या खलाशाने मला गलबताचं चित्र काढून दिलं होतं, त्यावर मी त्रेचाळीस आकडे टाकले आणि एकेका आकड्यापुढे नाव लिहीत गेले. बेचाळीस भरले. सत्तावीस रिकामा राहिला.

सत्तावीस म्हणजे काय ते सांगते. डोलकाठी सगळ्यांना माहीत असते. तिला आडवं आणि जरा तिरकं एक लांब लाकूड लावतात, ते परबाण. शीड बांधतात ते या परबाणाला. आणि परबाण डोलकाठीला धरून राहावं म्हणून दोघांभोवती काथ्याचं, कापड गुंडाळलेलं एक कडं असतं. ढिलं केलं की परबाण वरखाली सरकतं, आवळलं की जागी बसतं. या कड्याचं नाव मला कुणी सांगेना. हल्ली सगळे नायलॉनची दोरी बांधतात आणि 'रिंग' म्हणतात. प्रकाशकांनी दोनदा विचारलं, एक आकडा गाळला तर काय बिघडेल? मी गाळणार नव्हते. माझ्या पुस्तकात भोक नको होतं.

अशात कळलं की असं कडं वळणारा माणूस मुळशीत आहे. मी सहा वर्षं समुद्र पालथा घातला आणि कडं निघालं डोंगरात. बावधनच्या एका गृहस्थांनी मुळशीच्या पाण्याकाठी जमीन घेतली होती आणि त्यांना तिथे शिडाची खरी लाकडी होडी हवी होती. त्यासाठी हर्णैकडून वासुदेव मेस्त्रींना आणलं होतं. मेस्त्रींचं वय ऐंशीला टेकलेलं. आजोबांपासून घरात हाच धंदा. होडी शुक्रवारी पाण्यात जाणार आणि शनिवारी मेस्त्री घरी जाणार होते. मी सोमवारी सकाळी निघाले.

सोमवार

पौडपर्यंत बस आणि पुढे जीप. जीपमध्ये चित्राची गुंडाळी एका काकांच्या दुधाच्या किटलीखाली दबली आणि सुकाणूच्या जागी दुधाचा गोल डाग पडला. बाकी प्रवास सांगण्यासारखा नाही.

उतरायची सोय सुनंदाताईंकडे होती. पाण्याच्या वर चढणीला त्यांचं घर आहे. मागे भाताची खाचरं, पुढे दोन नव्या खोल्या, शनिवार-रविवारी येणाऱ्या पुणेकरांसाठी. वय पंचेचाळीसच्या आसपास, चालणं झपझप. होडीची शेड त्यांच्याच बांधाला लागून असल्याने मेस्त्रींचं जेवणखाणही त्यांच्याकडेच होतं. मी समुद्राचं विचारलं तर म्हणाल्या, "न्हाई बघितला. ह्यांनी एकदा न्यायचं ठरिवलं हुतं अलिबागला, तवाच म्हस व्याली."

मला बरं वाटलं. निदान इथे आपल्यापुढे कुणी नाही, असं वाटलं.

दुपारी शेडमध्ये गेले. पत्र्याखाली होडी जवळजवळ पूर्ण उभी होती. बंदरात कुजलेले सांगाडे मी पुष्कळ पाहिले होते. नवं, पिवळं, तेलाचा वास येणारं लाकूड असं पहिल्यांदाच पाहत होते. मेस्त्री आत बसून रंधा मारत होते. बारीक अंगाचा, कानात भिकबाळीचं भोक उरलेला माणूस. आणि समोरच्या खांबाला, खुंटीवर, माझं कडं लटकत होतं. मी नमस्कारसुद्धा अर्धाच केला आणि बोट दाखवून विचारलं, "याला काय म्हणतात?"

मेस्त्रींनी कड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोरी," म्हणाले.

मी पिशवीतून चित्र काढलं, वही काढली, माझं काम समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि रंधा ठेवून म्हणाले, "बाय, आमच्यात जिन्नस बसल्याबिगर त्याला नावानं हाक मारीत नाय. बसला, त्याला हळदकुंकू लागलं, की मग नाव. तवर लाकूड ता लाकूड, दोरी ती दोरी. आधी हाक मारली नि बसला नाय, तर तो जिन्नस टाकून द्यावा लागतो. माज्या आज्यापासून असा."

"मग हे कधी बसणार?"

"शुक्रवारी. काठी उभी राहिली की."

असा रिवाज मी एकाही बंदरात ऐकला नव्हता. वहीत लिहून घेतला आणि खूश झाले. चार दिवसांचाच प्रश्न होता. एवढ्यात सुनंदाताई चहाची किटली घेऊन आल्या. मी कप घ्यायला पुढे सरकले तशा म्हणाल्या, "म्याडम, पठाणावर पाय नगा ठिवू."

मी खाली पाहिलं. पठाण म्हणजे होडीच्या तळाचं, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत जाणारं मुख्य लाकूड. तो शब्द मिळवायला मला जयगडला दोन खेपा घालाव्या लागल्या होत्या. या बाईने तो 'उंबऱ्यावर बसू नका' म्हणावं तसा म्हटला होता. मी पाय काढला.

मंगळवार

मंगळवार सगळा जळण्यात गेला.

सकाळपासून मी शेडच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीत वही घेऊन बसले होते. मेस्त्री माझ्याशी सभ्यपणे बोलत. काय विचारलं की 'होय', 'नाय', 'असंल'. सुनंदाताई आल्या की मात्र त्यांची जीभ मोकळी सुटे. भांडी घासून झाली की त्या यायच्या, शेणाने सारवून झालं की यायच्या, म्हशीला पाणी पाजायला निघाल्या की मधेच डोकावायच्या. मेस्त्रींना फळीचं दुसरं टोक धरायला कुणी लागायचं आणि बावधनकरांनी ठेवलेले दोन गडी पहिल्याच आठवड्यात पळाले होते. गेला दीड महिना दुसरं टोक सुनंदाताईंच्या हातात होतं.

"तो डावीकडचा चौथा वाक बघ, सुटलाय काय," मेस्त्री म्हणायचे. वाक म्हणजे होडीच्या फासळ्या.

"चौथा न्हाई, पाचवा हाय सुटल्याला. चौथा मी काल ठोकला न्हवं," त्या म्हणायच्या.

असं सगळं बसल्या जागी, भाजी निवडताना बोलावं तसं. मी विचारलं, "हे शब्द तुम्ही लक्षात कसे ठेवता?"

"ध्यानात कशाला ठेवाया पायजेल? धरतीय न्हवं हातात," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

जेवताना माझं तोंड कडूच होतं. वास्तविक जेवण फार चांगलं होतं. तांदळाची पातळ भाकरी, वालाची उसळ, इंद्रायणीचा मऊ भात आणि धरणातल्या चिलापीचं कालवण. कालवणात शेंगदाण्याचं कूट. आमच्याकडे माशात कूट घातलं तर सासर मोडेल. मेस्त्रींनी पहिले आठ दिवस ते तोंडात धरलं नव्हतं म्हणे, नारळ नाही म्हणून. आता दोनदा मागून घेत होते. गोड्या पाण्यातल्या माशाला चव चिखलाची, असं म्हणतही होते आणि काटे चोखतही होते. मला वाटलं, हा माणूस सहा वर्षांपूर्वी माझ्या घरी आला असता तर मी त्याला रोज नारळ खोवून घातला असता.

सुनंदाताईंना मी काहीच विचारलं नाही. बेचाळीसपैकी निम्मे शब्द त्यांना येत होते हे उघड दिसत होतं. कदाचित सत्तावीसही येत असेल. पण माझ्या वहीत प्रत्येक शब्दापुढे सांगणाऱ्याचं नाव लिहायचा रकाना आहे. तिथे मी तांडेल लिहिले, खलाशी लिहिले, जुने मेस्त्री लिहिले. तिथे मुळशीच्या बाईचं नाव लिहायचं? जिने समुद्रही पाहिलेला नाही तिचं? मला ते मान्य नव्हतं. मान्य नव्हतं म्हणजे झोंबत होतं.

बुधवार

सकाळी पाण्यावर दाट धुकं होतं. मी लवासाच्या बाजूचे डोंगर दिसतात का पाहायला पाण्याकडे उतरले आणि निसरड्या गाळात मस्त बसकण मारली. साडी बदलायला वर येताना शेडच्या मागच्या बाजूने आले. आतून रंध्याचा आवाज थांबला आणि मेस्त्री म्हणाले, "सुनंदा, ती चुंबळ दे गं जरा. तेल लावतो."

पत्र्याच्या फटीतून मी पाहिलं. सुनंदाताईंनी खुंटीवरचं कडं काढून त्यांच्या हातात दिलं.

मी तशीच चिखलाच्या साडीने खोलीवर गेले आणि वही उघडली. सत्तावीस: चुंबळ. सांगणारा: वासुदेव मेस्त्री, हर्णै. बसल्याशिवाय नाव घ्यायचं नाही म्हणणाऱ्याच्या तोंडून ते चुकून निसटलं होतं आणि ते मी टिपलं होतं. आणि शब्द तरी किती सुंदर. डोक्यावर हंडा ठेवण्याआधी बायका लुगड्याची चुंबळ करून ठेवतात, तेच कडं. मी साडी न बदलता अर्धं पान लिहून काढलं. महिनोन्‌महिने घराबाहेर असलेल्या खलाशांना विहिरीवरून पाणी आणणारी आपली बायको आठवली असेल, आणि तिच्या डोक्यावरची चुंबळ त्यांनी डोलकाठीला घातली असेल, असं काहीतरी. इतकं चांगलं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. घरामागच्या टेकाडावर रेंज येते असं कळल्यावर वर चढून प्रकाशकांना निरोप धाडला: शेवटचा शब्द मिळाला, छापायला घ्या.

त्या दिवशी मला सुनंदाताईंचा हेवा वाटला नाही. उलट त्यांच्याबरोबर बसून मी लसूणही सोलला.

गुरुवार

माणसाने गप्प बसावं. मला ते जमलं नाही.

संध्याकाळी जेवायला बसलो होतो. सुनंदाताईंचे यजमान भाताची पोती पोचवायला पिरंगुटला गेले होते, म्हणून आम्ही तिघंच. मी वही घेऊनच आले होते. म्हटलं, मेस्त्री, तुमच्या धंद्याबद्दल मी काय लिहिलंय ते ऐका. आणि ते अर्धं पान वाचलं.

मेस्त्रींनी घास खाली ठेवला. मग म्हणाले, "बाय, चांगला लिवलंस. पण तो शब्द माजा नाय."

"म्हणजे?"

"हिचा हाय."

मी सुनंदाताईंकडे पाहिलं. त्या भाकरी थापायच्या थांबल्या. "मी आपलं दिसलं तसं म्हनलं," त्या म्हणाल्या. "मेस्त्री दोरी वळत हुते, मी म्हनलं, मेस्त्री, ही तर चुंबळ केलीया तुमी. कुनाच्या डोक्याला?"

"तवापासून मी पन तेच म्हनतो," मेस्त्री म्हणाले.

"मग खरा शब्द काय?" मी विचारलं. मला वाटतं, मी जवळजवळ ओरडलेच.

मेस्त्री ताटाकडे पाहत म्हणाले, "माज्या बापाच्या तोंडात दिवसातनं धा वेळा असायचा. मला हितं आल्यापासनं आठवत नाय. सकाळी उठलो की जिभेवर येतो, तोंड धुवेस्तवर जातो. चाळीस वर्सं झाली शिडाची होडी केल्याला. सगळ्यांना इंजिनं हवी. कुनी इचारलाच नाय तो शब्द, तर राहील कसा?"

"पण तुम्ही तर म्हणालात, बसल्याशिवाय नाव घेत नाही."

"ता खराच हाय," ते म्हणाले. "पन त्या दिवशी मला त्याचा आसरा घ्यावा लागला." आणि ताट तसंच सोडून ते हात धुवायला बाहेर गेले. मी एका म्हाताऱ्या कारागिराला त्याच्या जेवणावरून उठवलं होतं.

सत्तावीस गेला, हे तेव्हा माझ्या पक्कं लक्षात आलं. तो शब्द जगात एका डोक्यात उरला होता आणि तिथूनही पुसला गेला होता. मला दुःख व्हायला हवं होतं आणि ते झालंही. पण सोबत दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते दुःखापेक्षा जोरकस होतं. मी सहा वर्षं दुसऱ्यांचे शब्द वेचत फिरले; एवढ्या वर्षांत एका फळकुटाला, एका खिळ्याला माझ्या तोंडून नाव निघालं नाही. या बाईने किटली खाली ठेवता ठेवता एक शब्द करून टाकला, आणि तीन पिढ्यांच्या मेस्त्रीने तो उचलला. माझं सुंदर अर्धं पानही खरं निघालं होतं. विहिरीवरच्या बाईनेच चुंबळ डोलकाठीला घातली होती. ती फक्त माझ्या खलाशाची बायको नव्हती, माझ्यासमोर चुलीपाशी बसली होती.

"लई मनाला लावून घेऊ नगा म्याडम," त्या म्हणाल्या. मला त्यांची कणव आणखीच टोचली.

शुक्रवार

बावधनकर गृहस्थ नवीन टोपी घालून आले. डोलकाठी उभी राहिली, कडं तिच्यावर बसलं, त्याला आणि नाळेला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला, ट्रॅक्टरने ढकलत होडी पाण्यात गेली आणि एका बाजूला किंचित कलून नीट तरंगली. मेस्त्री मागे सुकाणूशी बसले. सुनंदाताईंनी पदर खोचून शीड वर ओढायचा दोर धरला. गृहस्थ नाळेपाशी उभे राहून मोबाईलवर चित्रीकरण करत होते. मलाही त्यांनी आग्रहाने चढवलं, डोलकाठीला टेकून बसवलं. सहा वर्षं या वस्तूंची नावं गोळा केली, पण शीड असलेल्या होडीत मी पहिल्यांदाच बसत होते. बंदरातल्या त्या सगळ्या मोडक्या होत्या.

काठावरून शंभर हात आत गेलो तेव्हा मेस्त्री म्हणाले, "ओढ." सुनंदाताईंनी दोर ओढला. परबाण सरसर वर गेलं आणि अर्ध्यात अडलं. त्याच वेळी ताम्हिणीकडून वारा आला, अर्धवट शीड फुगलं आणि होडी आडवी झाली. गृहस्थ मोबाईलसकट खाली बसले. सुनंदाताईंच्या दोन्ही हातांत दोर होता, तो सोडला असता तर सगळं अंगावर आलं असतं.

"चुंबळ ढिली कर," मेस्त्री ओरडले.

मी उठले, डोक्याच्या वर हात घालून ते कडं धरलं, गाठीचं शेपूट ओढलं आणि परबाणाला दाबून मोकळं केलं. हे सगळं मी विचार न करता केलं. परबाण वर गेलं, शीड पूर्ण उघडलं, होडी सरळ झाली आणि मुळशीच्या पाण्यावर चालू लागली. मेस्त्री म्हणाले, "आता आवळ," आणि मी आवळलं. काथ्याचं तेल माझ्या हाताला लागलं होतं.

गृहस्थांनी विचारलं, "चुंबळ म्हणजे नक्की काय?" मी त्यांना दाखवलं. दाखवताना मला त्या शब्दाबद्दल अभिमान वाटत होता, आणि तो माझा नव्हता.

काठावर उतरल्यावर मी वही काढली, वासुदेव मेस्त्रींचं नाव खोडलं आणि पुढे सुनंदाताईंचं नाव, गावासकट, शाईने लिहिलं. ते लिहिताना हात जड झाला. लिहिलेलं त्यांना दाखवलं. म्हटलं, "तुमचं नाव पुस्तकात येणार."

मला वाटलं, निदान आनंद तरी होईल. तेवढ्याने माझी थोडी भरपाई झाली असती. त्या ओली साडी पिळत होत्या. नाव त्यांनी दोनदा वाचलं, मग म्हणाल्या, "असूं द्या. पन मेस्त्रींना त्येंचा सबुद आठवला, तर माजा खोडा बरं का. त्येंच्या बापाचा हाय त्यो."

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. प्रकाशकांनी ते एक पान महिनाभर अडवून ठेवायचं कबूल केलंय, तेही माझ्या विनवणीने. मागच्या रविवारी खोलीचं राहिलेलं भाडं देण्यासाठी सुनंदाताईंना फोन केला तर समजलं, दर रविवारी त्या हर्णैला फोन लावतात आणि मेस्त्रींना विचारतात, आठवला का. अजून नाही आठवला म्हणे, पण एकदा पहिलं अक्षर जिभेवर आलं होतं. मेस्त्रींचा नंबर माझ्याकडेही आहे. मी तो अजून एकदाही लावलेला नाही. तो शब्द सापडावा अशी माझी मनापासून इच्छा आहे; पण सापडला तर तो आधी सुनंदाताईंच्या कानावर पडेल.